फोनमध्ये तुमचं नाव काय आहे? घरी पाळणाघर सुरू करणाऱ्या नव्या ताईंसाठी

एका संध्याकाळी एका आईला तिचा फोन सापडेना. मुलाची बॅग खांद्याला, पाण्याची बाटली काखेत, मूल कडेवर, आणि फोन गायब. मी म्हटलं, थांब, रिंग देते. फोन वाजला तो माझ्याच हॉलमध्ये, खेळण्यांच्या टोपलीत, ठोकळ्यांच्या खाली. उचलून तिच्या हातात देताना स्क्रीन दिसली. त्यावर लिहिलं होतं, 'बाई क्रेश'. तिनेही पाहिलं. दोघींनी काही पाहिलंच नाही असं केलं. रात्री भाकऱ्या थापताना माझ्या डोक्यात हिशेब चालू होता, की तिच्या फोनमध्ये 'बाई पोळ्या' आणि 'बाई भांडी' असणार, आणि अक्षरं लावली तर त्या दोघींच्या वर माझा नंबर. तेवढंच समाधान.

नवी मुंबईतल्या ऐरोलीत पाळणाघर सुरू करून तेव्हा मला तीन वर्षं झाली होती. चूक त्या मुलीची नव्हती. पहिल्या दिवशी मी तिला माझं नावच सांगितलं नव्हतं. 'या, या, आपलंच घर समजा' एवढंच म्हटलं होतं. मग तिने मला तिच्या सोयीचं नाव दिलं. आता चौदा वर्षं झाली. दर एप्रिल-मे मध्ये ठाणे, कळवा, घणसोली, नेरुळ अशा ठिकाणांहून दोन-चार जणी विचारायला येतात. त्यांचे प्रश्न असतात, फी किती ठेवू, गाद्या कुठून घेऊ, किती मुलं घेऊ. मी आधी विचारते, लोकांनी तुला काय म्हणायचं ते ठरवलंस का? बहुतेक जणी हसतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी स्वतःला सांगा, आपण काय करतो

'मुलं सांभाळते' या दोन शब्दांत आपल्याकडे चार वेगवेगळी कामं कोंबलेली असतात. तुमचं कोणतं, ते आधी नक्की करा.

स्वतःच्या घरात चार घरची मुलं दिवसभर घेणं, हे पाळणाघर. घर तुमचं, नियम तुमचे, जबाबदारीही तुमची. तुम्ही त्याच्या संचालिका. शब्द जड वाटतो, मलाही वाटायचा, पण पावतीवर तोच शोभतो.

एका मुलाच्या घरी जाऊन त्याला बघणं, हे दुसरं काम. तिथे वेळ त्यांची, स्वयंपाकघर त्यांचं, आणि तुम्ही त्यांच्याकडे नोकरीला. शहरात याला हल्ली नॅनी म्हणतात. मराठीत 'बालसंगोपन सेविका' म्हणा. या कामात पगार ठरतो, सुट्ट्या ठरतात, आणि २००८ च्या कायद्याने झालेल्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणीही करता येते. त्यात कमीपणा मानू नका. फक्त हे आणि पाळणाघर एकच आहे असं कुणी म्हणालं, तर मान डोलावू नका.

तिसरी अंगणवाडी सेविका, ती सरकारी योजनेत. चौथी बालवाडीची किंवा प्लेग्रुपची शिक्षिका.

सरकारच्या दप्तरातही हे वेगळं आहे. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ मध्ये बालसंगोपनाचं काम करणाऱ्यांचा गट ५३११ आहे, घरातली साफसफाई करणाऱ्यांचा ९१११, आणि लहान मुलांच्या शिक्षकांचा २३४२. हे आकडे पाठ करायला नकोत. माझ्या भिंतीवरही ते नाहीत. पण 'शेवटी सगळ्या बायाच ना' असं एका सोसायटीच्या सेक्रेटरीने मला ऐकवलं होतं, तेव्हा हे माहीत असतं तर बरं झालं असतं.

इथेच उलट बाजूचीही एक सूचना. दोन खोल्यांत सहा मुलं घेऊन दारावर 'इंटरनॅशनल प्री-स्कूल' लावू नका आणि स्वतःला 'प्रिन्सिपल मॅडम' म्हणवून घेऊ नका. शिक्षिका म्हणवून घ्यायचं असेल तर शिका. इग्नूची बालसंगोपन आणि शिक्षणाची पदविका घरबसल्या होते. मी ती उशिरा केली, वयाच्या बेचाळीसाव्या वर्षी, दुपारी मुलं झोपली की हॉलच्या कोपऱ्यात बसून. ती झाल्यावरही पाटीवर शाळा लिहिली नाही. माझं पाळणाघर आहे आणि पाळणाघर हा शब्द मला आवडतो. त्यात पाळणाही आहे आणि घरही.

तीन तोंडं, तीन नावं

इथे नव्या मुली सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून जरा थांबून सांगते. तुम्हाला एक नाव पुरणार नाही. मुलांच्या तोंडी एक, पालकांच्या तोंडी दुसरं, आणि कागदावर तिसरं.

मुलांचं नाव मुलांना ठरवू द्या. दीड वर्षाचं पोर संचालिका म्हणणार आहे का? माझं पहिलं नाव 'कातू' होतं, म्हणजे काकू. नंतर वय वाढलं तशी मी परस्पर 'आजी' झाले, मला कुणी विचारलंही नाही. घणसोलीच्या एकीने हट्टाने मुलांना 'मॅम' म्हणायला शिकवलं. एका बाळाने रात्री झोपेत 'मॅम, मॅम' केलं आणि त्याच्या आईला वाटलं भूक लागली, तिने दूध गरम केलं. असले हट्ट करू नका. काकू, मावशी, ताई या नात्यांनी आपला मान जात नाही.

'ताई' ला तर आपल्या भागात इतिहास आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी काम केलं. ही गावं तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, २०१४ ला पालघर वेगळा झाला. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथली. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा तोच शब्द देशभर गेला. ताराबाईंना पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली, तरी अनुताई शेवटपर्यंत ताईच राहिल्या. तेव्हा कुणी ताई म्हटलं म्हणून आपण लहान होत नाही.

लहान होतो ते 'बाई' आणि 'आया' ने. म्हणजे खरं तर या शब्दांचाही दोष नाही. बाई म्हणून आपण आपल्या शाळेतल्या शिक्षिकांनाच हाक मारायचो. आणि आईचं अनेकवचन आयाच होतं. संध्याकाळी साडेसहाला माझ्या दारात उभ्या असतात त्या आयाच. मुलं सांभाळणारी 'आया' मात्र पोर्तुगीजांकडून आली, त्यांच्या 'आइया' वरून. १७३७ पर्यंत ठाण्यावर त्यांचंच राज्य होतं, तेव्हा हा शब्द कदाचित आपल्याच खाडीवरून उतरला असेल. राज्य गेलं, शब्द राहिला. पण 'बाई' च्या पुढे नाव नसलं, 'आमची बाई' झालं, की त्या शब्दाचा सूर बदलतो. कान लगेच ओळखतो.

म्हणून पालकांना तुम्हीच सांगायचं, तेही पहिल्या भेटीत, पहिल्या दोन मिनिटांत. वाक्य साधं ठेवा. 'मी अमुक अमुक. हे पाळणाघर मी चालवते. मुलं मला काकू म्हणतात, तुम्ही ताई म्हणा.' बस. त्यात विनंती नको आणि भाषणही नको. वयाने मोठे पालक असतील तर ते नावापुढे ताई लावतील, तरुण असतील तर काहीजण मॅडम म्हणतील. दोन्ही चालेल.

आणि त्याच बैठकीत स्वतःचा कॉन्टॅक्ट स्वतः पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर कार्ड तयार करून ठेवा, तुमचं पूर्ण नाव आणि पुढे पाळणाघराचं नाव. समोरच्याने फक्त सेव्ह दाबायचं. फोन टोपलीत सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हे केलं. सगळ्या पालकांना एकदम पाठवलं, वर लिहिलं, 'नवीन नंबर नाही, नाव नीट सेव्ह करावं'. त्या आईने अंगठा पाठवला. नंतर बदललं की नाही, मी पाहायला गेले नाही.

कागदावरचं नाव म्हणजे पूर्ण नाव आणि पद. पावती, प्रवेशाचा फॉर्म, सोसायटीला दिलेलं पत्र, बँक, सगळीकडे तेच. एका ठिकाणी संचालिका, दुसरीकडे केअरटेकर, तिसरीकडे गृहिणी असं नको.

पगार, मानधन, फी

'काकू, तुमचा पगार आज देऊ की उद्या?' हे वाक्य तुम्हाला पहिल्याच महिन्यात ऐकू येईल. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण पगार नोकराला मिळतो. डॉक्टरला आपण पगार देत नाही, क्लासच्या सरांना देत नाही, तिथे फी देतो. हसत हसत सांगा, 'फी ना? पाच तारखेपर्यंत कधीही द्या, पावती देते.' दोन-तीनदा तुम्ही 'फी' म्हणालात की तेही म्हणायला लागतात. वाद घालावा लागत नाही.

तिसरा शब्द मानधन. त्यात मान असतो आणि धन बेताचं. अंगणवाडी सेविकांना वर्षानुवर्षं 'मानधन' च मिळत आलं आणि वेतन म्हणा यासाठी त्यांनी किती मोर्चे काढले, ते आपण पाहिलंय. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. एका शब्दाच्या आड किती पैसे अडकून असतात, ते त्यावरून कळतं.

असे आणखी काही शब्द आहेत. 'मुलाला तुमच्याकडे ठेवून जातो'. ठेवायला ती काय बॅग आहे? मी म्हणते, 'हो, सोडा त्याला, आज खिमट करणार आहे.' मग 'सुट्टी'. नव्या मुली सुट्टी मागतात, 'शुक्रवारी मला सुट्टी मिळेल का?' तुम्ही कुणाकडे मागता? पाळणाघर बंद असतं, आणि ते कळवायचं असतं. वर्षाच्या बंद दिवसांची यादी जूनमध्येच द्या. गणपतीचे दिवस, दिवाळी, होळी. नवी मुंबईत कोकणातली घरं खूप, गणपतीत तशीही निम्मी मुलं गावाला असतात. अचानक आजारपण आलं तर 'उद्या पाळणाघर बंद राहील' असा निरोप, आणि शक्य असेल तर आदल्या रात्री आठच्या आत. माफीचे चार इमोजी लावू नका.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पटकन उरकते.

उद्यम नोंदणी करा, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी. १ जुलै २०२० पासून ती सुरू आहे, आधारवर होते, ऑनलाइन होते आणि फुकट होते. जी साइट पैसे मागते ती एजंटची. व्यवसायाच्या प्रकारात ८८ हा विभाग शोधा, निवासाशिवायच्या समाजसेवेचा, मुलांची दिवसाची देखभाल त्यात बसते. दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ खाली वीसपेक्षा कमी कामगार असले तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिची पावती जपून ठेवा. पाटी लावणार असाल तर मराठीत, देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. २०२२ पासून हे छोट्यांनाही लागू आहे.

सोसायटीला आधी पत्र द्या, तोंडी नको. पत्रात मुलांची संख्या, वेळा, आणि लिफ्टमध्ये मुलं एकटी जाणार नाहीत हे लिहा. दिलेल्या पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असते, त्यातल्या वापराच्या अटी सेक्रेटरीकडून एकदा वाचून घ्या. तुमचं घर भाड्याचं असेल तर मालकाचीही लेखी संमती हवी, नाहीतर कधीतरी तोच म्हणेल, 'मला वाटलं बहिणीची मुलं आहेत'.

यूपीआयचा क्यूआर कोड कुणाच्या नावाचा आहे, पाहा. माझ्याकडे दोन वर्षं तो नवऱ्याच्या नावाचा होता. पालक फी भरायचे माझी आणि 'पेड टू' खाली नाव यायचं त्यांचं. एका वडिलांनी तर एकदा विचारलं, 'सरांना पोचले का?' त्या शनिवारी मी बँकेत गेले.

कागदांचा आणखी एक उपयोग आहे. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यावी लागते. ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात अशी ऑफिसं भरपूर. त्यातली काही ऑफिसं जवळच्या पाळणाघरांशी बोलतात. त्यांच्या एचआरची मुलगी फोनवर सगळ्यात आधी विचारते, 'मॅडम, तुमचं डेझिग्नेशन काय लिहू?' तिथे 'आपलं काकूच लिहा' म्हणून चालत नाही.

पहिली भेट आणि उशिराचा प्रश्न

पालक बघायला येतात तेव्हा ते तुमची परीक्षा घेतात. तुम्हीही घ्या. लस कुठवर झाली, कशाची अ‍ॅलर्जी, झोपताना काय लागतं, घ्यायला कोण कोण येणार, त्यांचे फोटो. हे प्रश्न छापील फॉर्मवरून विचारा. तुम्ही हातात पेन घेऊन विचारायला लागलात की समोरची खुर्चीत सरळ होऊन बसते, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. त्याआधी तीच तुमच्या पडद्यांचे भाव विचारत असते.

अटी एका पानावर असू द्या. वेळ, फी, बंद दिवस, आजारी मूल केव्हा आणायचं नाही, किती दिवस आधी सांगून सोडायचं. दोन प्रती, दोन सह्या.

उशीर हा आपल्या धंद्यातला कायमचा काटा आहे. माझा नियम सांगते. पहिली पंधरा मिनिटं माफ. मग दर अर्ध्या तासाला शंभर रुपये, महिन्याच्या पावतीत वेगळ्या ओळीत. पण लोकल बंद पडल्या, ठाण्याला ट्रान्स हार्बरच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर माणूस माणसाला चिकटला, पावसाने रूळ बुडाले, त्या दिवशी घड्याळ बघायचं नाही. त्या दिवशी मुलांना वरणभात घालायचा आणि आईला मेसेज करायचा, 'जेवलाय, सावकाश या.' ऐरोली पुलावरचा ट्रॅफिक मात्र रोजचा आहे. त्याची सबब चालत नाही, अर्धा तास लवकर निघावं.

पैसे लावायला सुरुवातीला जीभ रेटत नाही. माझी वर्षभर रेटली नाही. एक जोडपं रोज पावणेआठला यायचं, ठरलेली वेळ सात. एकदा मी कडी उघडली तेव्हा वडिलांच्या हातात सुपरमार्केटच्या दोन पिशव्या होत्या, वरून कोथिंबीर डोकावत होती. म्हणजे मूल माझ्याकडे आणि हे निवांत भाजी घेऊन येणार. त्या महिन्याच्या पावतीत मी उशिराची ओळ घातली. त्यांनी निमूट भरली. पुढच्या महिन्यापासून सात वाजून दहा मिनिटांनी बेल वाजायला लागली.

रोजची वही

पद कागदावर आलं, तरी लोकांना ते दिसतं या वहीत. प्रत्येक मुलाचं अर्धं पान. किती खाल्लं, किती वाजता झोपलं, शी-शू, पडलं-आपटलं, आज नवीन काय केलं. मुलाच्या गुडघ्याला खरचटलं तर आईने घरी जाऊन शोधायच्या आत तुम्ही वहीत लिहिलेलं असलं पाहिजे, वेळेसकट. मी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकते, पण दिवसाला एकच, आणि ग्रुपवर दुसऱ्याचं मूल दिसेल असा नाही. तासातासाला व्हिडिओ मागणाऱ्यांना सांगते की मोबाइल हातात असेल तर मूल कोण धरणार?

औषध लेखी चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. 'काकू, ताप वाटला तर ते गुलाबी सिरप द्या' हे फोनवरचं चालत नाही. नाव, मात्रा, वेळ, सही. ताप असलेलं मूल घ्यायचं नाही, आणि पावसाळ्यात हात-पाय-तोंडाला फोड दिसले तर सगळ्या पालकांना त्याच दिवशी कळवायचं, मुलाचं नाव न घेता. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स दोघंही शिकवतात. घशात शेंगदाणा अडकल्यावर काय करायचं ते हातांना माहीत हवं, वाचलेलं त्या क्षणी आठवत नाही.

सीसीटीव्हीबद्दल नव्या मुली कचरतात. २०१६ च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली आणि सगळ्या वाहिन्यांवर दिवसभर तेच. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात एकही आई नेहमीसारखी नव्हती. एक तर मुलाचा शर्ट वर करून पाठ बघून गेली, माझ्यासमोर. तेव्हा फार लागलं. नंतर वाटलं, मी तिच्या जागी असते तर मीही पाहिली असती. त्याच आठवड्यात हॉलमध्ये कॅमेरा बसवला आणि सगळ्यांना सांगितलं. मदतीला कुणी ठेवणार असाल तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आधी, काम नंतर. चाइल्डलाइनचा १०९८ दारामागे मोठ्या अक्षरात लावा. मुलाच्या अंगावर, बोलण्यात लैंगिक छळाची शंका आली, तर ती घरच्यांबद्दल असली तरी कळवायचीच. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात ते आपल्यावर बंधन आहे. पालक चिडतील म्हणून गप्प बसायचं नाही.

स्वतःच्या घरात

बाहेरच्यांचं सोपं असतं. अवघड घरातलं. 'ती काय, घरीच असते' हे वाक्य माझ्या सासरच्या प्रत्येक लग्नकार्यात मी ऐकलंय. सात मुलं अकरा तास बघणारी बाई घरीच असते. कुरियर घ्यायला घरीच, गॅसचा नंबर लावायला घरीच, नणंदेला स्टेशनवरून आणायलाही घरीच. यावर भांडून उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो हॉलच्या दाराला लावलेल्या वेळेच्या पाटीचा, 'सकाळी ८ ते संध्याकाळी ७, पाळणाघर'. मी कामावर असते ते नवऱ्याला त्या पाटीने सांगितलं, मी सांगून कळलं नव्हतं.

बँकेच्या फॉर्मवर, मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर, आईचा व्यवसाय या रकान्यात 'गृहिणी' लिहायचं थांबवा. आता जनगणना येते आहे, १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख. प्रगणक दारात उभा राहून घाईने विचारेल, 'तुम्ही काय करता?' मागून कुणीतरी 'काही नाही, घरीच' म्हणायच्या आत तुम्ही बोला.

वाईट बोललं तर

'नुसतं खेळवायचं तर असतं, त्याचे एवढे?' असं म्हणणाऱ्याला मी एक दुपार येऊन बसायला सांगते. आजवर एकच आजोबा आले. सव्वातीनपर्यंत टिकले. ते आता माझी जाहिरात करतात.

'रविवारी दोन तास बघाल का, आम्हाला पिक्चरला जायचंय' यात अपमान नाही, पण उत्तर स्पष्ट द्या. जमत असेल तर ज्यादा वेळेची फी सांगा, नसेल तर नाही म्हणा. 'बघते, सांगते' म्हणत लोंबकळत ठेवू नका.

मुलासमोर तुमच्यावर आवाज चढवणारा पालक मात्र ठेवायचा नाही. त्याला अटींमधली सूचनेची मुदत दाखवा. एका घराची फी गेली तरी चालेल, बाकीची सहा मुलं ऐकत असतात.

आणि तुमच्या मदतनीस?

हे शेवटी सांगते, कारण मलाही शेवटीच कळलं. मुलं वाढली तशी मी एक मदतनीस ठेवली, रबाळ्याहून यायची. मी तिला नावाने हाक मारायचे, म्हणजे घाईत नुसतं 'ए, अगं'. एक दिवस अडीच वर्षांचा एक पोरगा जेवायला बसला, ताटलीवर चमचा आपटला आणि म्हणाला, 'ए, पानी दे.' सूर हुबेहूब माझा. हनुवटी वर करायची लकबसुद्धा. ती हसली आणि पाणी द्यायला उठली. माझ्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला.

त्या दिवसापासून ती ताई. मुलांनाही, मलाही. गेटवरच्या अ‍ॅपमध्ये सोसायटीने तिला 'मेड' म्हणून टाकलं होतं. वॉचमनला दोनदा, सेक्रेटरीला एकदा सांगून ते 'डे-केअर स्टाफ' करून घेतलं. तिला फोटोचं ओळखपत्र दिलं. पगार दर महिन्याच्या एक तारखेला, खात्यात. तिचा मात्र पगारच, तिच्यासाठी तो शब्द बरोबर आहे. पालक घ्यायला आले की कधी कधी दिवसाचं तीच सांगते, मी मध्ये बोलत नाही. सुरुवातीला ते माझ्याकडे बघायचे, आता तिच्याकडे बघतात.

पगार खात्यात द्यायचा तर खातं हवं, म्हणून आम्ही दोघी एका दुपारी बँकेत गेलो होतो. फॉर्म तिने स्वतः भरला. 'व्यवसाय' च्या रकान्यापाशी थांबून विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, पाळणाघर साहाय्यक. त्यात य किती, यावर आमचं जुंपलं. ती म्हणत होती एक, मी म्हणत होते दोन. तोवर आमचा नंबर पुकारून गेला होता, पुन्हा टोकन घ्यावं लागलं.